पाडव्याचा तिसरा नळा

माझ्या हातांना लहानपणापासून एक खोड आहे. एखादी वस्तू नीट चालत असेल तर ती का चालते हे बघायला उघडायची, आणि बंद पडली असेल तर मग विचारूच नका. तिसरीत असताना मी आबांचा, म्हणजे वडिलांचा, रेडिओ उघडला. परत बंद केला तेव्हा चार स्क्रू उरले, पण स्टेशनं मात्र आधीपेक्षा दोन जास्त लागायला लागली. त्या दोन स्टेशनांनी माझं डोकं फिरवलं. त्या दिवशी आबांनी एक मुस्काटात ठेवून दिली असती तर पुढचं बरंच टळलं असतं. पण ते वस्तीवर येईल त्याला रेडिओ दाखवत सुटले.

आमची वस्ती लासुर्ण्याच्या शिवारात, कालव्याच्या खालच्या अंगाला. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. आबांच्या काळात मेंढरं गेली आणि ऊस आला. मेंढरं असती तर विजेशी आमचा संबंध आभाळात कडकडेल तेवढाच राहिला असता. ऊस आला म्हणजे विहिरीवर मोटर आली, आणि मोटर आली म्हणजे लाईटची वाट बघणं आलं.

मी बारामतीला आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड केला आणि तिथंच एका मोटर रिवायंडिंगच्या दुकानात लागलो. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. रानातली लाईट कधी येईल आणि कधी जाईल याचा भरवसा नसे. लाईट गेली की मोटर थांबते, पण लाईट परत आली म्हणून ती आपोआप सुरू होत नाही. कुणीतरी विहिरीवर जाऊन स्टार्टरचं हिरवं बटण दाबावं लागतं. त्यावर उपाय म्हणजे ऑटो. स्टार्टरच्या पेटीला एक छोटा डबा जोडायचा. लाईट आली की तो डबाच मोटर चालू करतो आणि शेतकरी घरात निवांत बसतो. असे डबे मी स्वतः बनवून विकायला लागलो.

माझ्या डब्यात एक खुबी होती. लाईट आल्या आल्या शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम उठल्या की डीपीचा, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज उडायचा. म्हणून मी त्यात दहा सेकंदांची उसंत ठेवली होती. लाईट आली, दहा आकडे मोजले, की पेटीतून 'खट्ट' असा आवाज यायचा आणि मोटर सुरू. लोकांना त्या दहा सेकंदांचं फार कौतुक. डबा बसवून झाला की मी प्रत्येकाला एकच वाक्य सांगायचो, "आता लाईट गेली तरी पेटीला हात लावू नका. आली की ती आपली आपण चालू हुईल." पंचवीस-तीस विहिरींवर मी हे वाक्य म्हटलं असेल. सांगून सांगून ते माझ्याच हातात मुरलं.

फोटोचं वेड त्यानंतरचं. दुकानाच्या शेजारी एक स्टुडिओ होता. तिथले बिघडलेले फ्लॅश मी दुरुस्त करून द्यायचो आणि त्या बदल्यात स्टुडिओचे मालक त्यांचा जुना, विटेसारखा जड कॅमेरा मला दोन-चार दिवस वापरायला द्यायचे. त्याच्या चकतीवर 'बी' असं एक अक्षर होतं. चकती त्यावर ठेवली की आपण बटण दाबून धरू तोवर आतला पडदा उघडा राहतो. मालक म्हणाले, "ह्याच्यावर दारूकामाचा फोटू येतो. पण हितं कुणाला जमत न्हाय." जमत नाही हे शब्द ऐकले की माझी झोप जाते.

गावच्या जत्रेत मी पहिला रोल घालवला. छत्तीस फोटोंत धूर, माणसांची टाळकी आणि एका म्हातारबाबांचं मुंडासं. दुसऱ्या जत्रेत थोडं जमलं. मग मी कामाला लागलो. बटण दाबताना कॅमेरा हलतो म्हणून सायकलच्या ब्रेकच्या वायरीचं लांबून दाबायचं बटण केलं. रानातल्या फुटक्या पाइपांची तिपाई केली. आणि एक युक्ती सापडली. एक भुईनळा उडून झाला की पडदा उघडाच ठेवायचा, फक्त भिंगावर काळी टोपी धरायची. दुसरा नळा उडायला लागला की टोपी काढायची. म्हणजे एकामागोमाग उडालेले नळे एकाच फोटोत शेजारी शेजारी उभे दिसतात. मला तीन नळ्यांचा फोटो हवा होता. तो झाला असता तर मालक तो मोठा करून स्टुडिओच्या काचेत लावणार होते.

अडचण एकच होती. नळा पेटवणारा माणूस दुसरा असला की त्याची आणि माझी वेळ जमायची नाही. मी तयार नसतानाच तो काडी लावून मोकळा. मग माझ्या सुपीक डोक्यातून निघालं की नळाही आपणच लांबून पेटवायचा, तोही लाईटवर. आमच्या विहिरीवरच्या स्टार्टरला माझा ऑटो बसवलेला होताच; त्या स्टार्टरपासून मोटरची वायर सोडायची, तिच्या जागी दुसरी लांब वायर जोडायची, आणि तिच्या टोकाला शेगडीच्या तारेचा तुकडा बांधून तो वातीला गुंडाळायचा. हिरवं बटण दाबलं की तार लाल होणार आणि नळा पेटणार. कॅमेऱ्याची तिपाई पेटीच्या शेजारीच ठेवली की एक हात ब्रेकच्या वायरीवर आणि एक हात हिरव्या बटणावर. दारूकाम करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून मी मातीचे तीन थोरले भुईनळे आणून ठेवले. दिवाळीची वाट बघत बसलो.

त्या वर्षीची दिवाळी आमच्या घरात मोठी होती. माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं, उन्हाळ्यात लग्न झालं होतं आणि दाजी पहिल्या दिवाळसणाला यायचे होते. दाजी सुप्याचे. तो सगळा जिरायतीचा मुलूख, पाऊस पडला तर बाजरी. ते दुसऱ्याच्या टेम्पोवर भाजीपाला वाहायचे. पण लग्नानंतर चार महिन्यांत एसटीच्या ड्रायव्हर भरतीत त्यांचं नाव लागलं होतं. आता फक्त डॉक्टरची तपासणी राहिली होती, ती दिवाळीनंतर. त्या घरातली ती पहिली पक्की नोकरी. सुप्याची विहीणबाई येईल त्याला सांगायची, "सून आली आन नोकरी आली. लक्ष्मीच्या पावलानं आली पोरगी." आईनं हे ऐकलं तेव्हा तिनं देवापुढं साखर ठेवली होती.

दाजी मला 'इंजिनेर' म्हणायचे. चेष्टेनं म्हणायचे, पण मी काय करतो ते बघायला तासन् तास शेजारी उकिडवे बसायचे. घरातल्या कुणी माझ्या उद्योगात एवढा रस घेतला नव्हता. त्यामुळे हा माणूस मला फार आवडला होता, हे सांगितलंच पाहिजे.

पाडव्याला दिवस मावळल्यावर आक्कानं दाजींना ओवाळलं. दाजींनी तबकात साडी घातली. शेजारच्या वस्त्यांवरची बायकामुलं जमली होती, कारण आबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आज आमचा पोरगा लाईटवर नळे उडवणार आहे. सगळे ओट्यावर बसले. नळे विहिरीच्या पलीकडच्या मोकळ्या जागेत ठेवले होते. दाजी म्हणाले, "वायर बांधायचं काम माझ्याकडं." एक नळा उडाला की वायर पुढच्या नळ्याच्या वातीला बांधायची, एवढंच ते काम.

पहिला नळा आंब्याच्या झाडाएवढा उठला. बायकांनी "अगं बया" केलं. मी भिंगावर टोपी बसवली, बंद करायचं लाल बटण दाबलं. दाजींनी वायर दुसऱ्याला बांधली. दुसरा पहिल्यापेक्षा उंच गेला. परत टोपी, परत लाल बटण. दाजींनी तिसऱ्याची वायर बांधली, लांब सरकले आणि हात वर केला. मी टोपी काढली, हिरव्या बटणाकडं हात नेला, आणि लाईट गेली.

घरातला दिवा गेला, वस्त्यांवरचे दिवे गेले. मुलांनी नेहमीप्रमाणं ओरडून घेतलं. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट अंधार म्हणजे माझ्या फोटोला चांगलंच. अंधारात पडदा किती वेळ उघडा राहिला तरी बिघडत नाही. ब्रेकची वायर मी दाबून धरलेलीच होती.

"काय झालं, इंजिनेर?"

"लाईट गेली, दाजी. थांबू जरा, यील."

"कशाला थांबायचं? मी काडीनं लावतो की."

"मग आधी वातीवरची वायर सोडा," मी म्हणालो.

हे मी म्हणालो. नळ्यावर वाकायला त्यांना मी सांगितलं. ऑटो बंद करायची कळ पेटीवर माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर होती. ती खाली ओढायला काडी ओढण्याइतकासुद्धा वेळ लागला नसता. पण आमच्याकडं लाईट गेल्यावर पेटीला हात लावायचा नसतो. मीच तर ते सगळ्यांना शिकवलं होतं.

दाजी अंधारात चाचपडत वायर सोडत होते, आणि लाईट आली. "आली! आली!" मुलं ओरडली. आमच्याकडं लाईट आली की लहानथोर सगळेच ओरडतात, आईपण ओरडली. फोटोसाठी बंद ठेवलेल्या ओट्यावरच्या बल्बचं बटण अंधारात कुणीतरी दाबलं होतं, तो लागला आणि त्याचा उजेड तिरका माझ्या भिंगावर आला. माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही की फोटो गेला. दोन नळे वाया गेले. मी खाली पडलेली टोपी शोधायला लागलो. ती तिपाईच्या पायाशी सापडली. मी ती झटकली, भिंगावर बसवली, नीट बसली का ते बोटानं चाचपून बघितलं.

दहा सेकंद म्हणजे किती असतात ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ते मीच मोजून ठेवले होते. त्यातल्या कुठल्याही सेकंदाला मी "दाजी, मागं व्हा" एवढं ओरडू शकलो असतो. ते दहाच्या दहा सेकंद मी फोटो वाचवण्यात घालवले.

पेटीतून 'खट्ट' झालं. तिसरा नळा वर गेला नाही. तो जागेवरच फुटला.

आक्काची किंकाळी मला आठवत नाही, लोक सांगतात ती फार मोठी होती. मला दाजींचा आवाज आठवतो. ते ओरडले नाहीत. दोन्ही हात तोंडावर धरून "आई, आई" असं हळूहळू म्हणत राहिले. आबा आणि शेजारचे लोक धावले. कुणी पाणी आणलं, कुणी जीप आणायला पळालं. आणि त्या गडबडीत मी काय केलं तेही सांगतो. मी ऑटोची कळ खाली केली, लांब वायर पेटीतून उपसली, गुंडाळली आणि विहिरीत टाकली. दाजींना जीपमध्ये घातल्यावरच मी तिकडं गेलो. त्यांच्या मुठीत काड्याची पेटी तशीच होती, एकही काडी ओढलेली नव्हती.

बारामतीच्या रस्त्यावर आबांनी विचारलं, "कसं झालं रं?"

"काडी लावाय गेलं हुतं," मी म्हणालो.

खोटं नव्हतं ते. काडी लावायलाच गेले होते. माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याला निदान ते खोटं आहे हे कळतं. मी जे बोललो त्याला आजही काय म्हणावं ते मला कळत नाही.

बारामतीहून पुण्याला न्यावं लागलं. उजवा डोळा वाचला, डावा गेला. एसटीच्या तपासणीची तारीख दाजी दवाखान्यात असतानाच येऊन गेली. एका डोळ्याच्या माणसाला कुणी गाडीवर बसवत नाही, त्यामुळे टेम्पोही गेला. आबांनी सगळ्यांना सांगितलं की जावयांनी काडी लावली आणि नळा फुटला. गावानं मान हलवली. दारूकाम आहे, व्हायचंच, असं लोक म्हणाले. मला एकानंही काही विचारलं नाही. सुटलो, असं मला वाटलं.

पण झाल्या गोष्टीचं खापर कुणाच्या तरी डोक्यावर फुटावंच लागतं. ते माझ्या डोक्यावर फुटलं नाही, म्हणून ते हिंडत हिंडत सुप्याला गेलं. विहीणबाई लक्ष्मीची पावलं विसरली. ओवाळल्याला तास झाला नाही तोवर नवऱ्याचा डोळा गेला, मग ओवाळणारी कशी म्हणायची? पांढऱ्या पायाची, हा शब्द आधी भिंतीआड निघाला. मग अंगणात निघाला. मग तो आक्काचं दुसरं नावच झाला.

मी सुप्याला वर्षातून दोन-तीनदा जायचो. एकदा गेलो तेव्हा दाजींचा धाकटा भाऊ कसल्याशा भरतीला निघाला होता. विहीणबाईनं दही-साखर त्याच्या हातावर ठेवली आणि आतल्या बाजूला बघून हाक मारली, "तू जरा आत हो गं." आक्का आधीच आत गेली होती. सांगायची गरजच नव्हती. चुलीपाशी भिंतीकडं तोंड करून ती उभी होती आणि मोटारसायकलचा आवाज वेशीपर्यंत जाऊन विरेपर्यंत तशीच राहिली. मग वळून मला म्हणाली, "च्या टाकू का?" मी म्हणालो, टाक. त्या घरात मी किती कप चहा प्यायलो असेन त्याला गणती नाही.

दाजींनी पिठाची गिरणी टाकली, तिचा नारळ जावेनं फोडला. आक्काला मुलगा झाला, बारशाला पाळण्याची दोरी नणंदेनं धरली. पाडव्याला दाजींना ओवाळणं तर त्या वर्षापासून बंदच झालं. दर वेळी मी परत येताना एसटीत ठरवायचो की पुढच्या वेळी सांगून टाकायचं. एसटी मोरगाव ओलांडून बारामतीकडं लागली की ते ठरवणं थंड व्हायचं. उगाच जुन्या जखमेवरची खपली कशाला काढायची, असं मी स्वतःला सांगायचो. जखम माझी नव्हती, त्यामुळे सांगायला सोपं जायचं.

त्या रोलचंही सांगायला पाहिजे. कॅमेऱ्यासकट तो मी महिनाभर ट्रंकेत ठेवला. मग स्टुडिओच्या मालकांनीच कॅमेरा परत मागितला आणि आतला रोल धुतला. फोटो वाचला होता. काळ्या अंधारात दोन सोनेरी झाडं शेजारी शेजारी उभी होती आणि कडेला बल्बच्या उजेडाची एक पुसट रेघ. टोपी मी वेळेत बसवली होती ना. मालकांना कशाची काहीच कल्पना नव्हती. त्यांनी तो दोन हात रुंद करून काचेत लावला. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून मी नको म्हणालो नाही. पुढं कितीतरी वर्षं तो तिथं होता. दुकानात जाताना मी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं जायचो.

ऑटो बनवणं मात्र मी सोडलं नाही. सोडलं असतं तर लोकांनी का म्हणून विचारलं असतं. नव्या डब्यांत मी एक घंटा बसवली. लाईट आल्यापासून मोटर सुरू होईपर्यंत ती दहा सेकंद वाजत राही. बैल गेला आणि झोपा केला. ज्यांच्या वस्त्या विहिरीजवळ होत्या ते त्या घंटेला वैतागायचे, आणि मी त्यांना सुरक्षिततेवर भाषण द्यायचो.

पुढं मला लोणी देवकरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियनची नोकरी लागली. तिथं पहिल्याच दिवशी शिकवलं की कुठल्याही यंत्रात हात घालायच्या आधी त्याचे फ्यूज काढायचे आणि स्वतःच्या खिशात ठेवायचे. लाईट असो वा नसो. फ्यूज खिशात असेपर्यंत दुसरं कुणी, किंवा दुसरं काही, ते यंत्र चालू करू शकत नाही. मी पंधरा मिनिटं तिथंच उभा राहिलो. एवढीच गोष्ट होती.

त्या नोकरीला दोन वर्षं झाली तेव्हाची भाऊबीज. पाडव्याच्या त्या संध्याकाळला सात वर्षं झाली होती. मी सकाळीच सुप्याला पोचलो आणि आधी गिरणीवर गेलो. दाजी जात्याशी उभे होते, पांढऱ्या पिठानं माखलेले. दळण चालू असताना लाईट गेली. पट्टा सुं सुं करत थांबला. बाजरीचं दळण घेऊन आलेली बाई म्हणाली, "ठेवून जाते, मागनं न्हेते," आणि गेली. दाजींनी पेटी उघडली. तीन फ्यूज एकेक करून काढले, सदऱ्याच्या खिशात टाकले, वरून खिशावर एकदा हात फिरवला आणि मग पट्ट्यात अडकलेलं पोत्याचं सूत काढायला वाकले.

हे त्यांना कुणी शिकवलं? गिरणीवाले मेन स्विच खाली करतात, फार तर. फ्यूज खिशात घेऊन कुणी हिंडत नाही.

"दाजी," मी म्हणालो, "तुमाला ठाऊक हाय."

ते सूत काढत राहिले. मग म्हणाले, "खट्ट झालेलं मी आयकलं हुतं. नळा फुटायच्या आधी."

"मग इतकी वरसं बोलला न्हाय?"

"तू तरी कुठं बोलला?"

मी पोत्यावर बसलो. ते चांगल्या डोळ्यानं माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं वाटलं असतं.

"मी बोललो असतो तर काय झालं असतं सांगू?" ते म्हणाले. "भावानं डोळा फोडला म्हणून आईनं तुझ्या बहिणीला त्याच आठवड्यात माघारी धाडली असती. आमच्या आईला तू वळखत न्हाईस. पांढऱ्या पायाची म्हणून का हुईना, घरात ठिवली तिला. मी म्हटलं राहू दे तसंच. संसार तर टिकला." मग म्हणाले, "स्टुडिओच्या काचंतला फोटू बघितला मी. डोळा दाखवाय बारामतीला येतो तवा बघतो. चांगला आलाय."

मी तसाच उठलो आणि घरी गेलो. विहीणबाई देवळात गेली होती, मुलगा चुलत भावांबरोबर खेळायला. आक्का सोप्यात बसून तबक घासत होती. माझ्या ओवाळणीचीच तयारी. मी तिच्यापुढं बसलो आणि सगळं सांगितलं. ऑटो, वायर सोडा म्हणालो ते, टोपी, विहिरीत टाकलेली वायर, जीपमधलं वाक्य. काहीही गाळलं नाही. ती तबक घासत ऐकत होती. एका जागी तिचा हात थांबला.

"ह्यास्नी ठाऊक हुतं?"

"व्हय."

"कवापासनं?"

"त्याच दिसापासनं. तुला माघारी धाडत्याल म्हणून बोलले न्हाईत."

मला वाटलं ती रडेल. रडली असती तर मीही रडून घेतलं असतं, आणि बहीणभावांचं जसं होतं तसं काहीतरी झालं असतं.

"धाडलं असतं तर धाडलं असतं," ती म्हणाली. "आबांच्या घरात भाकरी हुती. पर मी तसली न्हाय, एवढं तरी मला ठाऊक असतं." मग एकेक शब्द उचलून ठेवावा तशी बोलत गेली. "सगळं गाव म्हणत हुतं त्याचं मला काय न्हाय. मलाच खरं वाटाय लागलं. पोरगं झालं तवा सुईण म्हणाली बघ. मी बघितलं न्हाय. पयली नजर माझी नको म्हणून भिताडाकडं बघत पडले. चार दीस बघितलं न्हाय मी त्याच्याकडं. आन भाऊबीजंला तुला ओवाळताना मी तबक लांब धरते, तुझ्या ध्यानात तरी आलंय का? तुला काय हुऊ नये म्हणून लांब धरते. सात वरसं."

माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

तिनं तबक पालथं घातलं, निरंजन उचलून परत फडताळात ठेवलं, हात पुसले आणि आत जाऊन भाकरी थापायला बसली. बाहेर कुणाच्या तरी अंगणात लवंगी फटाक्यांची माळ वाजून संपली. मग मी उठलो, चपला घातल्या, उंबऱ्यात थांबून "जातो" म्हणालो. ती आत चुलीपुढं बसली होती. तव्यावर भाकरी होती. ती मला जेवून जा म्हणाली नाही.